जुनी अवाढव्य जावा सिस्टीम गळ्यात पडली आहे आणि ती फार हळू चालते. सुरुवात कुठून करू?

वारसदार:
नमस्कार मंडळी. आमच्या टीमकडे एक जुनी सिस्टीम सोपवली गेली आहे. जावा 8, हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी), मागे रिलेशनल डेटाबेस, एकूण आठेक लाख ओळी. मूळ लिहिणाऱ्यांपैकी आता कोणीही नाही. कागदपत्रं म्हणाल तर एक वर्ड फाइल आहे आणि तिच्यातले निम्मे क्लास कोडमध्ये सापडत नाहीत.

तक्रारी दोन. रात्रीची बिलिंग बॅच पूर्वी पहाटेच्या आत संपायची, आता ऑफिस उघडलं तरी चालू असते. दुसरी तक्रार ग्राहकाची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनची. मोठ्या ग्राहकाचा नंबर टाकला की पाच-सहा सेकंद पांढरं पान.

डिझाइन अगदी पुस्तकी ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे. सात-सात पातळ्यांचा इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा, त्यावरून तिसरा), फॅक्टरीच्या (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या क्लासच्या) फॅक्टऱ्या, जे दिसेल त्याला इंटरफेस. गंमत म्हणजे सर्व्हरचा सीपीयू 25-30 टक्क्यांच्या वर जात नाही आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) शपथेवर सांगतो की डेटाबेसमध्ये एकही स्लो क्वेरी नाही. म्हणजे सगळे निवांत आणि काम मात्र होत नाही. वरून सूचना येत आहेत: रॅम वाढवा, कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) लावा, मायक्रोसर्व्हिसेसमध्ये (नेटवर्कवरून बोलणाऱ्या सुट्या छोट्या सेवांमध्ये) पुन्हा लिहा. तुम्ही असता तर पहिला हात कुठे घातला असता?

सावकाश:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आठ लाख ओळी, टेस्ट नाहीत, लिहिणारे गेले. यावर मलमपट्टी करत बसण्यापेक्षा नवीन लिहिलेलं बरं. जो वेळ जुनं समजून घ्यायला लागणार, तेवढ्यात नवं उभं राहील.

कंपायलरकाका:
सावकाश, असहमत. त्या कोडमध्ये जे विचित्र इफ-एल्स दिसतात ना, त्यातला जवळपास प्रत्येक कधीतरी कुठल्यातरी ग्राहकाच्या तक्रारीवरून घातलेला असतो. नवं लिहाल तेव्हा त्या तक्रारी एकेक करून परत येतील. शिवाय हळू का चालतंय हे ठाऊक नसताना पुन्हा लिहिलं, तर तोच आजार नव्या घरात नेणार. ग्राहक, करार, हप्ता हे क्लास तसेच, डेटाबेस तोच. फक्त मध्ये आता नेटवर्क आलं. आज जो मेथड कॉल नॅनोसेकंदांत होतो, तो उद्या मिलिसेकंदात होईल.

अर्धविराम:
पुनर्लेखनावर वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न राहून जाईल.

वारसदार, काहीही बदलण्याआधी एकच गोष्ट शोधा: थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक प्रवाह) काम करतोय की कशाची तरी वाट बघतोय? यासाठी महागडं टूल लागत नाही. बॅच चालू असताना जेस्टॅक वापरून दहा-दहा सेकंदांच्या अंतराने वीसेक थ्रेड डंप (त्या क्षणी कुठला थ्रेड कोडमध्ये कुठे आहे त्याची यादी) घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. वीसपैकी बारामध्ये एकच जागा दिसली, तर साधारण साठ टक्के वेळ तिथे जातोय असं धरायला हरकत नाही. स्क्रीनसाठीही हेच, फक्त अंतर कमी ठेवा.

नंतर बारकाईने बघायचं असेल तर जावा फ्लाइट रेकॉर्डर (चालत्या प्रोग्रामची नोंद ठेवणारं टूल) आहे. जावा 11 पासून तो ओपनजेडीकेमध्ये (जावाच्या मुक्त आवृत्तीमध्ये) मोफत आहे आणि नंतर जावा 8 च्या अपडेट 262 मध्येही आणला गेला, तेव्हा तुमच्याकडे अपडेट कुठला आहे ते पाहा. एक लक्षात ठेवा, नुसता सीपीयू मोजणारा प्रोफायलर वाट बघणारे थ्रेड दाखवतच नाही. असिंक-प्रोफायलरमध्ये घड्याळी वेळ मोजण्याचा वेगळा मोड आहे, स्क्रीनसाठी तो वापरा.

आणि सीपीयू 25 टक्के म्हणजे निवांत, हे कोणी ठरवलं? मशीन किती कोअरचं आहे?

वारसदार:
चार कोअर.

अर्धविराम:
मग झालं. बॅच एकाच थ्रेडवर चालत असेल तर तो एक कोअर पूर्ण जळतोय. चारातला एक, म्हणजे 25 टक्के. डॅशबोर्डवरचा एकूण आकडा बघून ‘सीपीयूचा प्रश्न नाही’ असं कधीच ठरवू नये.

नवशिका:
मध्येच विचारतो, माफ करा. सात पातळ्यांचा इनहेरिटन्स म्हणजे प्रत्येक कॉलला सात उड्या ना? तो सपाट केला तर वेग वाढणार नाही का? कॉलेजात व्हर्च्युअल कॉल महाग असतात असं शिकवलं होतं.

कंपायलरकाका:
चांगला प्रश्न आहे, माफी कशाला. सात उड्या पडत नाहीत. कुठली मेथड चालवायची ते ऑब्जेक्टच्या क्लासच्या तक्त्यातून एकदाच बघितलं जातं, वंशावळ कितीही लांब असो. त्यावर हॉटस्पॉटचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा) जेआयटी कंपायलर (कोड चालू असतानाच तो मशीनच्या भाषेत आणणारा) लक्ष ठेवून असतो. एखाद्या कॉलच्या जागी प्रत्यक्षात एक किंवा दोनच प्रकारचे ऑब्जेक्ट येत असतील, तर तो मेथडचा मजकूर तिथेच चिकटवून टाकतो आणि कॉल उरतच नाही. तीन किंवा जास्त प्रकार सरमिसळ येत असतील तर खरा व्हर्च्युअल कॉल होतो, त्याला फार तर काही नॅनोसेकंद. त्याच डेटा सेंटरमधल्या डेटाबेसकडे एक फेरी मारायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे लाखपटीचा फरक. सपाटीकरणाने कोड वाचायला कदाचित सोपा होईल, पण बॅच पहाटे संपणार नाही.

इनहेरिटन्स खरोखर महाग पडतो तो दोन ठिकाणी. पहिलं, मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) कोणीतरी उद्योग करून ठेवलेले असतात: कॉन्फिग फाइल वाचणं, फॉर्मॅटर बनवणं. प्रत्येक उपक्लासचं प्रत्येक ऑब्जेक्ट ती किंमत मोजतं. दुसरं ठिकाण डेटाबेस. हायबरनेटमध्ये प्रत्येक उपक्लासला वेगळं टेबल असं मॅपिंग असेल, तर मूळ क्लासवर केलेली साधी क्वेरी सगळ्या उपक्लासांच्या टेबलांना लेफ्ट जॉइन (टेबलांची जोडणी) लावते. कराराचे चौदा प्रकार असतील तर चौदा जॉइन. कोडमध्ये ओळ एकच दिसते.

नवशिका:
धन्यवाद काका. हे कोणी सांगितलं नव्हतं.

वारसदार:
डंप घेतले. अर्धविराम, तुमचे आभार, एका दुपारी एवढं कळलं जेवढं आधी कशातूनच कळलं नव्हतं.

स्क्रीन: बहुतेक डंपमध्ये डेटाबेस ड्रायव्हर सॉकेटवरून वाचतोय. वर बघितलं तर दर वेळी हप्त्याच्या किंवा पावतीच्या एखाद्या गेटरमधून (माहिती वाचून देणाऱ्या छोट्या मेथडमधून) तिथे पोचलेला.
बॅच: वेगळंच चित्र. डेटाबेसचं नाव नाही. हायबरनेटच्या आत, फ्लश आणि डर्टी चेक अशा नावांच्या मेथडमध्ये. आमचा स्वतःचा कोड क्वचित दिसतो.

डेटाताई:
आता माझा प्रांत आला. :)

तुमचा डीबीए खरं बोलतोय. स्लो क्वेरी लॉगमध्ये ती क्वेरी दिसते जी एकदा चालायला वेळ घेते. तुमच्या स्क्रीनवरची प्रत्येक क्वेरी एका मिलिसेकंदात परत येत असणार, फक्त ती हजारो वेळा जाते. हिशोब करून बघा. ग्राहकाची एक क्वेरी, त्याच्या करारांची एक. करार 60 धरू. लूपमध्ये प्रत्येक कराराचे हप्ते मागितले, 60 क्वेऱ्या. प्रत्येक कराराचे 50 हप्ते आणि प्रत्येक हप्त्याची पावती आळशी (लेझी, म्हणजे मागितल्यावरच) पद्धतीने लोड होते, आणखी 3,000. एकूण 3,062. तीन सेकंद गेले, आणि लॉग कोरा.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड सिस्टीममध्ये हे इतकं बेमालूम लपतं त्याचं कारण म्हणजे गेटर निरागस दिसतो. हप्ता.गेटपावती() वाचताना कोणाच्या मनात येतं की इथे नेटवर्क आहे? लिहिणाऱ्याने कुठलाही गाढवपणा केलेला नसतो. करारवाल्या माणसाने करार नीट लिहिला, हप्तेवाल्याने हप्ते. खर्च दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि ती जागा कोणाच्याच क्लासमध्ये नाही. म्हणून मेथड किती वेळ घेते ते नंतर बघा, आधी ती एका विनंतीमागे किती वेळा बोलावली जाते ते मोजा. हायबरनेटची स्टॅटिस्टिक्स सेटिंग चालू केलीत की प्रत्येक सेशनमागे (हायबरनेटच्या एका कामाच्या सत्रामागे) किती स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) गेली ते लॉगमध्ये येतं. हे टेस्ट सर्व्हरवर करा, पण डेटा खऱ्याइतका मोठा हवा. डेव्हलपमेंट डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकाला दोन करार असतात, तिथे हा प्रश्न जन्मात दिसणार नाही.

आणि कृपा करून सगळीकडे लेझीचं ईगर (सगळं आधीच लोड) करू नका! दोन कलेक्शन एकाच क्वेरीत जॉइन केलीत तर 50 गुणिले 40 अशा 2,000 ओळी येतात, त्यातल्या बहुतेक पुनरुक्ती. शिवाय ज्या स्क्रीनला हप्ते नकोच आहेत तोही ते ओढत बसतो. त्यापेक्षा कलेक्शनवर आणि पावतीच्या क्लासवर बॅच साइज 50 ठेवा, म्हणजे एका क्वेरीत पन्नासांची माहिती येईल. 60 च्या दोन होतील, 3,000 च्या साठ. मॅपिंगमधल्या दोन ओळी, लॉजिकला हात नाही.

अवांतर: लॉगमध्ये टू-स्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड) तपासा. टू-स्ट्रिंगमध्ये कलेक्शन छापलेलं असेल तर डीबगची एक ओळ अख्खं झाड लोड करते. त्यातही स्ट्रिंग प्लस करून जोडलेली असेल, तर लॉग बंद असला तरी ती आधी तयार होते आणि मग फेकली जाते.

कंपायलरकाका:
ताईंना +1. आता बॅच.

हायबरनेट सेशनमध्ये आलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची मूळ प्रत बाजूला ठेवतं, म्हणजे नंतर तुलना करून काय बदललं ते कळावं. हीच तुलना म्हणजे डर्टी चेक. आता बॅचचा लूप डोळ्यांपुढे आणा. एक बिल घेतलं, काही बदललं, मग दर शोधायला एक छोटी क्वेरी केली. डिफॉल्ट सेटिंगमध्ये अशा क्वेरीआधी हायबरनेट तपासतं की सेशनमध्ये काही न लिहिलेले बदल आहेत का. त्यासाठी ते सेशनमधलं प्रत्येक ऑब्जेक्ट बघतं. बदल निघाला नाही तरी तपासणी झालेलीच असते.

20,000 बिलं असतील तर पहिल्या फेरीत एक तपासणी, शेवटच्या फेरीत 20,000. बेरीज साधारण 20 कोटी. बिलं दुप्पट झाली की तपासण्या चौपट. ‘पूर्वी पहाटेच्या आत संपायची’ याचं उत्तर इथे आहे. कोड बिघडलेला नाही, डेटा वाढला.

उपाय: दर 500 बिलांनंतर आधी फ्लश (बदल डेटाबेसमध्ये लिहा), मग क्लिअर (सेशन रिकामं करा). सेशनमध्ये सरासरी अडीचशे ऑब्जेक्ट राहतील, तपासण्या 20 कोटींवरून 50 लाखांवर येतील. क्रम उलटा करू नका, आधी क्लिअर केलंत तर न लिहिलेले बदल गेले. आणि क्लिअरनंतर आधीचे ऑब्जेक्ट सेशनपासून सुटलेले असतात. लूपच्या बाहेर एखादा ‘चालू कालावधी’ किंवा दरपत्रक धरून ठेवलेलं असेल आणि त्याचं आळशी कलेक्शन नंतर मागितलंत, तर अपवाद (एक्सेप्शन) उडेल.

सावकाश:
पण चार कोअर असताना एकच थ्रेड का? चार थ्रेड लावा, प्रत्येकाला पाच हजार बिलं, वेगवेगळी सेशन. एवढं कशाला खोलात जायचं?

कंपायलरकाका:
करून बघा, जादू वाटेल. आणि भीती त्याचीच आहे. पाच हजारांच्या एका गटाला सव्वा कोटी तपासण्या, चार गटांना मिळून पाच कोटी. म्हणजे काम आधीच चौथाई झालं, वर चार थ्रेडवर विभागलं. बॅच सोळापट वेगाने गेल्यासारखी दिसेल, सगळे टाळ्या वाजवतील आणि वर्गपटीत (दुप्पट बिलं, चौपट काम) वाढणारा हिशोब तसाच आत बसून राहील. बिलं चौपट झाली की परत पहिल्या जागी. आणि तेव्हा चार थ्रेड, त्यांची लॉक, ट्रान्झॅक्शनची गुंतागुंत हे सगळं बोनस.

आधी ही वर्गपटीतली वाढ घालवा. मग गरज उरली तर थ्रेड.

अर्धविराम:
त्यात भर. जुन्या सिस्टीमला थ्रेड लावण्याआधी स्टॅटिक (सगळ्यांत मिळून एकच) सिंपल-डेट-फॉरमॅट (तारखा वाचणारा-छापणारा क्लास) कुठे कुठे आहे ते शोधा. तो थ्रेड-सुरक्षित नाही, तारखा चुकीच्या येतात आणि त्या चुका रोज येत नाहीत. किंवा मग कोणीतरी त्याला सिंक्रोनाइझ्डमध्ये (एका वेळी एकच थ्रेड) गुंडाळलेलं असतं आणि चारही थ्रेड तिथे रांगेत उभे. जावा 8 मधला डेट-टाइम-फॉरमॅटर सुरक्षित आहे, तो वापरा.

वारसदार:
एक अडचण. स्क्रीनच्या कोडमध्ये खोल गेलो. एवढे हप्ते आणि पावत्या कशासाठी लोड होतात माहीत आहे? स्क्रीनवर फक्त एक आकडा दाखवायला: एकूण थकबाकी. बॅच साइजने सुधारेल, पण एका आकड्यासाठी तीन हजार ऑब्जेक्ट?

डेटाताई:
डेटाबेसला बेरीज करू द्या. एक क्वेरी, एक आकडा. ती बेरीज करण्यासाठीच तो तिथे बसलाय.

कंपायलरकाका:
ताई, थांबा. थकबाकीची मेथड कराराच्या मूळ क्लासमध्ये असेल आणि चौदा उपक्लासांपैकी चार-पाचांनी ती बदललेली असेल. कोणी दंड धरतं, कोणी सवलत. ते नियम एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) उतरवले तर एकच नियम दोन ठिकाणी, दोन भाषांत. सहा महिन्यांनी जावामधला बदलेल आणि स्क्रीन वेगळाच आकडा दाखवेल.

डेटाताई:
मान्य, पण म्हणून तीन हजार जिवंत ऑब्जेक्ट उभे करायचे? डर्टी चेकसाठी त्यांच्या प्रती वेगळ्याच.

वारसदार:
काकांचा अंदाज बरोबर, पाच उपक्लासांमध्ये वेगळे नियम आहेत.

अर्धविराम:
मधला रस्ता आहे. थकबाकीच्या नियमाला लागतं काय? हप्त्याची रक्कम, देय तारीख, भरलेली रक्कम. एवढे तीन रकाने आणि कराराचा प्रकार एका क्वेरीत जॉइन करून साध्या, हायबरनेटला माहीत नसलेल्या छोट्या ऑब्जेक्टमध्ये आणा. नियमाची मेथड पूर्ण हप्त्याऐवजी एका छोट्या इंटरफेसवर चालेल अशी करा. पूर्ण हप्ताही तो इंटरफेस पाळेल आणि हा हलका ऑब्जेक्टही. नियम एकाच ठिकाणी राहिला, क्वेरी एक झाली. मायाजाल वाटलेले ते इंटरफेस कधीतरी कामाला येतात!

डेटाताई:
हे चालेल. तीन हजार ओळी एका फेरीत येणं काहीच नाही.

सावकाश:
हे सगळं ठीक, पण कॅशचं काय? दरपत्रक, प्रकार, कालावधी रोज थोडेच बदलतात.

वारसदार:
कॅश आधीच आहेत हो. स्टॅटिक हॅशमॅप (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांचे साठे), जागोजागी. भरल्या जातात, रिकाम्या कधीच होत नाहीत. दर काही दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट करायचा असा नियम आम्हाला वारशातच मिळाला, तो याचमुळे असावा.

अर्धविराम:
जिला मर्यादा नाही आणि कालबाह्यता नाही, ती कॅश नव्हे, गळती आहे. जीसीचा (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेचा) लॉग चालू करा. फुल जीसीनंतरही किती हीप (ऑब्जेक्टसाठीची मेमरी) व्यापलेली राहते ते बघा. तो तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल तर रॅम वाढवून फक्त दोन रीस्टार्टमधलं अंतर वाढेल. मग हीप डंप घेऊन मोठ्या हॅशमॅप कोणाच्या ते शोधा.

आणि जावा 8 वर का थांबलात? मार्च 2014 ची आवृत्ती आहे. 17 किंवा 21 वर गेलात तर एक ओळ न बदलता बरंच पदरात पडतं. जावा 9 पासून जी1 हा डिफॉल्ट जीसी आहे. लॅटिन अक्षरांच्या स्ट्रिंग तेव्हापासून अक्षराला एकच बाइट घेतात. पण फुकट नाही. 11 मध्ये जेएएक्सबी (एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी) जेडीकेतून (जावाच्या मूळ संचातून) काढलं, 17 मध्ये जेडीकेच्या आतल्या भागांत रिफ्लेक्शनने (चालताना क्लासच्या आत डोकावण्याच्या सोयीने) घुसणं बंद झालं, जुन्या लायब्रऱ्या तिथे मोडतात. त्यामुळे वरची दुरुस्ती आधी, हे नंतर, आणि दोन्ही एकत्र मुळीच नको. नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

नवशिका:
अवांतर: देवनागरी स्ट्रिंगचं काय?

अर्धविराम:
नाही मिळत. स्ट्रिंगमध्ये देवनागरीचं एक अक्षर आलं तरी अख्खी स्ट्रिंग जुन्याच दोन-बाइटी पद्धतीने राहते.

वारसदार:
बदल करायचे ठरले, पण टेस्ट नाहीत. बिलांच्या रकमेत एक पैसा इकडेतिकडे झाला तर आमची खैर नाही. हे कसं सांभाळता?

कंपायलरकाका:
कोड बरोबर आहे का, हे सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. तो आधीसारखाच वागतोय का एवढंच सिद्ध करा. डेटाबेसची एक प्रत घ्या, जुनी बॅच चालवा, निकालाची टेबलं बाहेर काढा. तीच प्रत पुन्हा मूळ स्थितीत आणून नवी बॅच चालवा. आयडी आणि वेळेचे रकाने वगळून ओळीन् ओळ जुळवा. बेरजेचा क्रम बदलल्याने राउंडिंगमध्ये फरक पडतोय का ते खास बघा. जुन्या कोडने कुठे डबल (दशांश अंदाजे साठवणारा आकड्याचा प्रकार) वापरलेला असला तर तो फरक नक्की निघेल. जुन्यातली चूक सापडली तरी आत्ता दुरुस्त करू नका, वेगळी नोंदवा.

डेटाताई:
आणि स्क्रीनसाठी एक छोटी टेस्ट लिहाच: मोठ्या ग्राहकाची माहिती मागवली की जास्तीत जास्त दहा स्टेटमेंट. हायबरनेटच्या स्टॅटिस्टिक्समधून आकडा मिळतो. उद्या कोणी निरागसपणे लूपमध्ये नवा गेटर घातला की बिल्ड पडेल. वेळ मोजणारी टेस्ट मशीनप्रमाणे डुलते, स्टेटमेंटची संख्या डुलत नाही.

वारसदार:
मंडळी, अपडेट.

बॅचमध्ये फ्लश-क्लिअर टाकलं. काकांनी सांगितलेला अपवाद उडालाच, चालू कालावधीच्या ऑब्जेक्टवर. लूपच्या आधी त्याच्या लागणाऱ्या किमती साध्या ऑब्जेक्टमध्ये काढून घेतल्या. बॅच आता मध्यरात्रीनंतर लवकरच संपते, थ्रेड अजून एकच. निकाल जुळवले. एका कराराच्या प्रकारात राउंडिंगचा फरक आला, कारण तिथे खरंच डबल होता. जुना क्रम तसाच ठेवून जुळवला आणि वेगळी नोंद केली.

स्क्रीन: क्वेऱ्या सात. पांढरं पान गेलं, पण काही ग्राहकांना अजूनही दीडेक सेकंद लागतो.

डेटाताई:
सातपैकी कुठली? आता तुमच्या डीबीएला कामाला लावा. क्वेऱ्या कमी झाल्यावर उरलेल्यांचा एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) बघण्यात अर्थ आहे, आधी नव्हता. माझा संशय करारांच्या क्वेरीवर, त्या चौदा जॉइनवर. स्क्रीनला करार पूर्ण हवेत की फक्त नंबर, प्रकार आणि स्थिती? तेवढेच रकाने मागितलेत तर मूळ टेबल पुरेल.

वारसदार:
तीच निघाली. आणि हो, फक्त नंबर, प्रकार, स्थितीच हवी आहे. उद्या करतो.

आता वरून विचारणा आहे की पुढे काय. ताजे फ्लेम ग्राफ (कुठल्या मेथडमध्ये किती वेळ जातो त्याचे आलेख) काढले, बॅचमध्ये आता एकही मोठा डोंगर नाही. दोन टक्के इथे, तीन तिथे.

सावकाश:
मग आता तरी थ्रेड?

कंपायलरकाका:
बॅच वेळेत संपतेय ना? मग नाही. :) तीन टक्के खाणारी मेथड पूर्ण नाहीशी केली तरी तीनच टक्के मिळतात, आणि हात मात्र चालत्या कोडमध्ये जातो. त्यापेक्षा रीस्टार्टचा नियम मोडा. प्रत्येक स्टॅटिक मॅपला एका छोट्या क्लासमागे घाला आणि आठवडाभर फक्त मोजा: किती वेळा विचारलं, किती वेळा सापडलं, किती नोंदी साठल्या. ज्यात जवळपास काहीच सापडत नाही त्या सरळ काढून टाका. उरतील त्यांना आकाराची मर्यादा आणि मुदत लावा.

वारसदार:
मोजणी सोमवारपासून लावतो. आकडे आले की इथेच टाकेन.